तौरांची कोपी

रोज सकाळी दहाला पाच कमी असताना बन्सीराव तौर ऑफिसात शिरायचे, डबा टेबलावर ठेवायचे, मान वर करायचे आणि छताला एक शिवी हासडायचे. मगच खुर्चीत बसायचे. शिवी रोज नवी असे. शेजारच्या कप्प्यात बसणारी डिझाइनची वर्षा म्हणायची, "मॅडम, दोन महिन्यांत एक शिवी दुसऱ्यांदा ऐकली नाही." ती तक्रार करायची की कौतुक, ते मला कधी कळलं नाही.

तक्रारी माझ्याकडे यायच्या, कारण मी आस्थापना बघते. जालन्यात आमची बियाण्यांची कंपनी आहे. आस्थापना म्हणजे रजा, हजेरी, खुर्च्या, पंखे आणि माणसांची भांडणं. यातलं शेवटचं काम नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं.

बन्सीराव मूळचे तीर्थपुरीचे. वय छप्पन्न, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की गोदामातल्या हमालांना बोलवायला फोन लागत नसे. काम मात्र मुकं. बियाण्याच्या पाकिटावर जे जे छापायचं, वाणाचं नाव, पेरणीच्या दोन ओळींतलं अंतर, 'औषध लावलेले आहे, खाऊ नये', ते सगळं छापखान्यात जाण्याआधी वाचून खाली सही करायची. मुंगीएवढी अक्षरं, तीही चकचकीत प्लॅस्टिकवर. सत्तावीस वर्षं ते हेच वाचत आले होते आणि त्यांच्या हाताखालून एक चूक बाहेर गेली नव्हती. जुन्या ऑफिसात त्यांचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी होतं.

मग आमचे छोटे साहेब शिकून आले. मालकांचा मुलगा. आल्या आल्या त्यांनी ऑफिस नवं केलं. खिडकी बुजली, पांढरं खोटं छत आलं, छतात दोन बाय दोनचे दिव्यांचे चौकोन आले आणि खाली छातीएवढ्या आडोशांची क्युबिकलं. बन्सीराव त्याला खुराडं म्हणत. त्यांच्या खुराड्यात बरोबर डोक्यावर एक चौकोन होता. पाकिटाचा नमुना हातात धरला की मधोमध एक पांढरा डाग उमटायचा, त्याच्याखालची अक्षरं गायब. पाकीट तिरकं केलं की डाग दुसऱ्या ओळीवर.

"उजेड पडला पायजे मॅडम," ते माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "आदळला न्हाई पायजे. हे काय उजेड हाय का हाणामारी?"

मी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं मोबाइल टेबलावर ठेवून काहीतरी मोजलं आणि उजेड अगदी बरोबर आहे म्हणाला.

"त्या मोबाइलला इचार, त्याचे डोळे दुखून राह्यले का म्हणून!"

इलेक्ट्रिशियन पुन्हा आला नाही. तो एकच चौकोन काढून टाका, असं मी छोट्या साहेबांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "एक बंद ठेवला की दात पडल्यासारखं दिसतं."

मग बन्सीरावांनी स्वतःच हात घातला.

आधी त्यांनी खुर्ची फिरवली आणि सगळ्या ऑफिसाकडे पाठ करून बसले. त्यांच्याशी बोलायचं तर पाठीशी बोलावं लागे, आणि ती पाठही रागातच असे. मग मेव्हण्याची क्रिकेटची टोपी आणली, तिच्या पुढं पुठ्ठ्याचा हातभर लांब छज्जा शिवला. वळले की तो छज्जा वर्षाच्या आडोशाला धडकायचा. एकदा तिच्या कपाळाला लागला. तिची माफी मागायची सोडून बन्सीराव वर बघून ओरडले, "बघ! तुझ्यापायी पोरीला लागलं!"

शेवटी त्यांनी गोदामातून रिकामी पोती आणली, उसवून एकत्र टाचली आणि आडोशाच्या चारी कोपऱ्यांना काठ्या बांधून वर ताणली. आत कोपऱ्यात छोटा दिवा ठेवला, तोंड भिंतीकडे करून. अंकुशनगरला ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या कडेला मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, अगदी तशी कोपी. ऑफिसातही तेच नाव पडलं. बाकी सगळं ऑफिस दवाखान्यासारखं पांढरंफेक आणि मधे एक पोत्याची कोपी. पंखा लागला की सुतळीचे तंतू उडून वर्षाच्या चहात.

पण छताला शिव्या बंद झाल्या, हे मला मान्य करावं लागेल. चार महिने कोपीतून फक्त कागद उलटल्याचा आवाज यायचा.

एप्रिलच्या शेवटी हैदराबादचे पाहुणे यायचे ठरले. मोठे वितरक. छोट्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "ते पोतं उद्या दिसता कामा नये." मी कोपीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

"बन्सीराव, हे काढावं लागेल."

"बिलकुल न्हाई."

"साहेबांचा हुकूम आहे."

"साहेबाला म्हणावं, इथं बसून एक पाकीट वाच. एक! खालून वरपत्तर. मंग काढतो."

"पाहुणे गेले की पुन्हा लावा."

"लावू देणार हाव का तुमी? खरं बोला."

मी खरं बोलले नाही. मलाही राग आला होता. सहा महिने मी वर्षाचा चहा, साहेबांचे दात आणि या माणसाच्या शिव्या यांच्यात भरडले जात होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली म्हणून ऑफिस तुमच्या नावावर झालं नाही. काढा."

बन्सीराव उठले. मला वाटलं आता माझ्यावर येतात. त्यांनी एका झटक्यात काठ्या उपटल्या, पोती खाली ओढली आणि माझ्या पायाशी टाकली.

"घ्या. खा उजेड."

पाहुणे आले, ऑफिस किती छान म्हणाले आणि गेले. पोती मी गोदामात परत पाठवली.

त्यानंतर दहाव्या दिवशी गोदामातले शेख चाचा पाकिटांचा नवा रोल खांद्यावर घेऊन वर आले. चाचांची स्वतःची शेती आहे, पाकीट भरता भरता ते वाचायची त्यांना सवय. रोल माझ्या टेबलावर टाकून म्हणाले, "मॅडम, ये देखो. बाजरी तेवीस सेंटीमीटर खोल पेरा, लिहिलंय. पेरायची का पुरायची?"

पेरणीची खोली २–३ सेंमी हवी होती. दोन आणि तीनच्या मधली बारीक रेघ गेली होती आणि उरले होते २३. नमुन्याच्या खाली बन्सीरावांची सही होती, कोपी काढल्यानंतरची.

पाकिटं अजून भरायची होती, बाहेर काही गेलं नव्हतं. पण रोल सगळे भंगारात. छोट्या साहेबांनी बन्सीरावांना आणि मला आत बोलावलं. बन्सीरावांनी नमुना हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग तो साहेबांच्या टेबलावर धरला, दिव्याखाली.

"रेघ हाय का गेली, दिसतं का? सांगा, दिसतं का?"

"तुम्हाला दिसायला हवं. पगार त्याचाच आहे."

"कोपी होती तवर एक चूक दाखवा! एक!" त्यांचा आवाज फाटला. "सत्तावीस वर्सं झाली साहेब. शेतकऱ्यानं तेवीस सेंटीमीटर पेरलं असतं तर कोंब वर आला असता का? त्याचं साल गेलं असतं. माझ्या सहीनं!"

ते माझ्याकडे एकदाच बघून बाहेर पडले. डबाही नेला नाही. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. निष्काळजीपणा आणि विनापरवाना गैरहजेरी अशी दोन कलमांची नोटीस तयार झाली आणि ती हातोहात द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण आस्थापना मी बघते आणि त्यांच्यासारखीच जुन्या जालन्यात राहते.

शनिवारी दुपारी चारला निघाले. मे महिना. डांबर पायाला चिकटत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी वाटेत वाक्यं पाठ करत होते. 'माझ्या पायाशी पोती टाकता? मी तुमची कोण लागते?' असं सुरू करणार होते.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि मी डोळ्यांवर हात धरला.

एवढीशी खोली आणि तिच्या चारी भिंतींवर ट्यूबलाइट. प्रत्येक भिंतीला दोन. कपाटावर मांडवात लावतात तसला फोकस. खाली पांढऱ्या फरश्या, त्यांच्यावरून सगळा उजेड उसळून तोंडावर येत होता. त्या उजेडाच्या मधोमध सतरंजीवर बन्सीराव मांडी घालून बसले होते, डोक्यावर टोपी नाही, डोळे लाल आणि पाणावलेले. समोर त्यांच्या पत्नी, कौसाबाई. मधे परात. त्या मेथी निवडत होत्या आणि बन्सीराव परात धरून बसले होते. एखादी काडी पानांत गेली तर बोलत नव्हते, हळूच उचलून बाजूला ठेवत होते.

मला बघून ते ताठ झाले. पण ओरडले नाहीत. "ऑफिसातल्या मॅडम आल्यात गं," एवढंच म्हणाले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"या बाई. अशा म्होरं या, उजेडात." कौसाबाई माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या माझ्या कानाच्या पलीकडं. "मधलं दिसत न्हाई मला. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं हाय. कडंनं दिसतं, उजेड असला की बराबर दिसतं. ह्यांनी बघा केवढं लावून ठेवलंय. आन् मेथी म्याच निवडते बरं का, ह्यांना न्हाई करू देत."

"बरोबर आहे," मी म्हणाले. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

त्यांनी दोन-चार काड्या निवडल्या. मग हात थांबला. मान जरा तिरकी करून त्यांनी परातीत बघितलं, मग खिडकीकडं.

"अंधारून आलं का हो?"

खिडकीतून ऊन थेट परातीत पडलं होतं.

"आलंय," बन्सीराव म्हणाले. "वळवाचं आभाळ हाय." ते उठले, कोपऱ्यातला आणखी एक फोकस लावला आणि माझ्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं. "बाहेर आभाळ आलंय ना, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "चांगलंच भरून आलंय."

"मंग बरं," कौसाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच."

चहा झाला. बन्सीराव मला सोडायला गल्लीपर्यंत आले आणि दाराआड होताच हात पुढं केला. "द्या तो कागद."

"कोणता कागद?"

"दया बिलकुल न्हाई पायजे मॅडम. पर्समधून कोपरा दिसून राह्यला. माझे डोळे शाबूत हायत!"

मी नोटीस दिली. त्यांनी ती उन्हात उभी धरून वाचली, खिशातलं पेन काढून 'निश्काळजीपणा'तला श खोडला, ष केला, आणि खाली सही केली. "डॉक्टर म्हणला, सहा महिने. मंग कडंचंही जाईल. तिला सांगितलं न्हाई म्या," ते कागदाकडे बघत म्हणाले.

आतून हाक आली, "अहो, आभाळ हाय म्हणलं ना, बाईंना छत्री द्या!"

आम्ही दोघं भर उन्हात उभे होतो. बन्सीराव मुकाट्यानं आत गेले, काळी छत्री आणली आणि मला दिली. मी ती उघडली.

सोमवारी सकाळी मी स्टुलावर चढून त्यांच्या डोक्यावरच्या चौकोनाची वायर सोडवली. छोट्या साहेबांना सांगितलं, दात पडला तर पडू दे, नोटीस मला द्या. ते माझ्यावर बरेच ओरडले, मीही ओरडले. दहाला पाच कमी असताना बन्सीराव आले, मान वर केली आणि थबकले. मग तणतणत माझ्या टेबलाशी.

"कुणी केलं हे? मला इचारलं का? दिवा काढला म्हणजे मी गप बसन असं वाटलं का तुमाला?"

"बसू नका!" मीही आवाज चढवला.

मग बन्सीराव खाली वाकून, वर्षाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "काल तिनं तीनदा इचारलं. बाई भिजल्या तर न्हाईत ना? म्या म्हणलं, न्हाई. छत्री होती."