श्रावणातल्या वासाचा तपास

"मला फक्त आडनाव सांगा. त्या माणसाच्या ताटात काय आहे, ते मी इथे बसून सांगतो," असं गोपीनाथ खोपकर म्हणत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झाल्यावर त्यांनी नौपाड्याचे एकमेव गुप्तहेर म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली होती. त्यातलं 'गुप्त' त्यांना जमत नसे. भेटेल त्याला ते आधी कार्ड देत. मदतनीस त्यांचा जावई सुदेश. सासऱ्यांना नाही म्हणता येत नाही, एवढीच त्याची पात्रता.

ऐन श्रावणात 'शुभंकर' सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे खोपकरांच्याच दारापुढे, सुक्या मासळीचा वास सुटला होता. कमिटीने हा तपास आपल्याच एका सदस्याकडे, खोपकरांकडे, दिला. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरू बिट्रिस रॉड्रिग्ज यांना राहू द्यायचं की नाही, हे संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. बिट्रिसची मुलगी यंदा दहावीला होती.

"रॉड्रिग्ज," खोपकर डोळे मिटून म्हणाले. "केस संपली."

"बाबा, वास तिसऱ्यावर आहे. त्या चौथ्यावर राहतात."

"वास जड असतो, सुदेशराव. खाली उतरतो."

बिट्रिसने दार उघडलं. "या काका. वास घ्यायलाच आलात ना? आधी किचन की बेडरूम?"

खोपकरांनी फ्रिजच्या मागेही नाक घातलं. गॅसवर पडवळाची भाजी होती.

"रॉड्रिग्ज आणि पडवळ? हा देखावा आहे!"

"ऑलिव्हियाला आवडतं, काका."

"कुठल्याच मुलीला पडवळ आवडत नाही."

सासऱ्यांचं हे एकच विधान सुदेशला पटलं.

"ऐन दहावीत मला घर शोधायला लावाल, तर निदान कारण तरी खरं द्या," बिट्रिस म्हणाली. आता ती हसत नव्हती. सुदेशने सासऱ्यांना दाराकडे वळवलं.

जिना उतरताना खोपकरांना नवा संशयित सुचला. "दुसऱ्या मजल्यावरचे शुक्ला."

"ते कांदासुद्धा खात नाहीत!"

"म्हणूनच. इतका सोवळा माणूस काहीतरी लपवतोय. नाहीतर तो पार्सलवाला. कानात बाळी होती त्याच्या."

"तुमच्या आजोबांच्या फोटोत त्यांच्याही कानात आहे."

"ती भिकबाळी. ते वेगळं."

इतक्यात तिसऱ्या मजल्यावर खोपकरांच्या पत्नी सरोजकाकूंनी दार उघडलं. "आलात? आणि ते बूट कपाटात कोंबू नका. माझ्या डब्याचं झाकण उडतं."

"कसला डबा?"

"बोंबलांचा."

दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटातून काकूंनी बिस्किटांचा जुना डबा काढला. सुदेशने नाकाला रुमाल लावला.

"गटारीच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, श्रावणात बोंबील घरात नकोत. मग ठेवले घराबाहेर. इतके छान वाळलेले, टाकून देऊ?"

"अगं, पण आपण खोपकर!"

"मग? खोपकरांच्या बोंबलांना काय मोगऱ्याचा वास येतो?"

मीटिंगमध्ये खोपकरांनी रॉड्रिग्ज कुटुंब निर्दोष असल्याचं जाहीर केलं. "मग दोषी कोण?" शुक्लांनी विचारलं. खोपकरांना खोकला आला. "आमचं चपलांचं कपाट," मागच्या खुर्चीवरून काकूंनी सांगून टाकलं. बिट्रिसला राहू द्यायचं, हे हशातच मंजूर झालं.

डब्याचा प्रश्न मात्र उरला. घरात चालत नाही, जिन्यात चालत नाही, टाकवत नाही.

"बिट्रिस, गणपती होईपर्यंत ठेवतेस का गं?" काकूंनी विचारलं.

"ठेवते ना काकू. पण आधी काकांची ना-हरकत पत्रावर सही होऊ दे. यापुढे वास खरंच माझ्या घरातून येणार आहे."

खोपकरांनी निमूट सही केली. सुदेश डबा उचलून चौथ्या मजल्याकडे निघाला आणि त्याच्या मागून, झाकण दोन्ही हातांनी दाबून धरत, गुप्तहेर.