मोरपिसाला मान

“आमच्यात मोरपिसाला लय मान हाय,” एवढं एकच वाक्य ठकूबाई बोलल्या, आणि प्रवीणने ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ‘मान म्हणजे काय हो?’ एवढं विचारायला काही पैसे पडत नव्हते. पण ते त्याला सुचलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

महाडच्या एसटी स्टँडजवळ, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत प्रवीणचं ऑफिस होतं. दारावर पाटी, ‘वेडिंग प्लॅनर अँड इव्हेंट डिझायनर’. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हाच डिझायनर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाळीला जात होता. मग त्याने मोबाइलवर सहा आठवड्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेटला फ्रेम केली आणि नोकरी सोडली. त्यानंतर त्याच्या हातून तीन वाढदिवस, एक डोहाळजेवण आणि एका सलूनचं उद्घाटन एवढी कार्यं पार पडली. शेवटी त्याच्या बायकोने, रेश्माने, निर्वाणीचं सांगितलं, “एक धड लग्न करून दाखवा. नाहीतर एक तारखेपासून परत कंपनीत.” सुपरवायझर भला माणूस, त्याने जागा एक तारखेपर्यंत धरून ठेवली होती. सेफ्टी शूज आणि पिवळं हेल्मेट पलंगाखाली वाट बघत होतं.

आणि लग्न मिळालं! मुलगी जवळच्याच सव गावच्या भरतशेठांची अक्षदा. मुलगा पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीचा, हृतिक, मुंबईत नोकरीला. मुलाचे वडील सहदेव अबोल गृहस्थ, म्हणून बैठकीत त्यांच्या वतीने बोलायला मुलाची थोरली आत्या ठकूबाई सोबत आल्या होत्या. बाकी सगळ्याला त्या “तुमचं तुम्ही बघा” म्हणाल्या आणि जाता जाता मोरपिसाचं तेवढं वाक्य टाकून गेल्या.

“थीम मिळाली!” प्रवीण घरात शिरताच ओरडला. “मोरपीस! आत्याबाईंची खास आवड आहे.”

“आवड आहे म्हणाल्या की मान आहे म्हणाल्या?” रेश्माने विचारलं.

“एकच ते.”

“एकच कसं? मान सासऱ्याला असतो, आवड भज्यांची असते. अहो, देवक असेल त्यांचं. विचारून घ्या.”

“देवकाचं भटजी बघतील. आपण व्हिज्युअल बघायचं,” प्रवीण म्हणाला. हे वाक्य त्याला कोर्समध्ये शिकवलं होतं आणि ते वापरायची संधी आजवर आली नव्हती.

कोर्समध्ये आणखी एक शिकवलं होतं. थीम एकदा धरली की शेवटच्या टोकापर्यंत न्यायची. प्रवीणने ती नेली. सतरंज्या, केळीची पानं हे सगळं ‘आउटडेटेड’ म्हणून आधीच बाद केलं. वीर स्टेशनवरून चार रिक्षा भरून माल आला. मोरपिसांची कमान, मोरपिसांचा साठ फुटी गालिचा, खुर्च्यांना मोरपिसांची कव्हरं, मोरपिसांच्या कागदी प्लेटा. एवढं झाल्यावर तरी माणसाने थांबावं की नाही? पण नाही, त्याने हात पुसायचे कागदी रुमालसुद्धा मोरपिसांचे छापून घेतले.

लग्न सवजवळच्या मोकळ्या माळावर होतं. मुहूर्त दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांचा. अकरा वाजता वऱ्हाडाच्या चार बस आल्या, पुढे खालूबाजा वाजायला लागला आणि ठकूबाई कमानीसमोर येऊन थबकल्या. वीस फूट उंच मोरपीस बघून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मागोमाग सगळ्या वऱ्हाडाने चपला काढून हात जोडले.

“पोरा,” ठकूबाईंचे डोळे पाणावले, “आमचं देवक तू दारात उभं केलंस रे! असं आजवर कुणी केलं नाय.”

प्रवीणने रेश्माकडे बघितलं. त्या बघण्यात आठ महिन्यांचा हिशोब होता. रेश्मा मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खाली गालिच्याकडे बघत होती, आणि ठकूबाईही आता तिकडेच बघत होत्या.

“ह्याच्यावरनं चालायचं?” ठकूबाईंनी हळूच विचारलं.

“हो, आत्याबाई! थेट स्टेजपर्यंत!”

खालूबाजा थांबला. आणि दोन बैठकींत मिळून चार शब्द न बोललेले सहदेव पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “आवो, देवक हाय ते आमचं! काल घरी पूजा करून बसवलंय, आणि आज त्याला पाय लावू?”

पण प्रवीण डिझायनर होता, आणि डिझायनरकडे प्लॅन बी असतो. “बाजूने या!” तो म्हणाला. बाजूने म्हणजे आचाऱ्यांच्या तंबूतून, कारण दुसरीकडे कुंपण होतं. दोनशे माणसं अनवाणी, चुली आणि पातेली चुकवत, एकामागोमाग एक निघाली. नवरदेवाच्या शेरवानीचं टोक जिलबीच्या पाकात बुडालं. आचारी म्हणाला, “शेठ, तोंड गोड झालं म्हणा!” पण हसायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मांडवात आल्यावर लोक खुर्च्यांपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. प्रत्येक खुर्चीवर, नेमकं बसायच्या जागी, एक भलंमोठं मोरपीस होतं.

“ह्याच्यावर काय ठेवायचं, ते तूच सांग,” ठकूबाई म्हणाल्या.

“कव्हरं काढा! सगळी कव्हरं काढा!” प्रवीण धावला. रेश्मा धावली, मुलीकडचे चारजण धावले. पाच मिनिटांत कव्हरं निघाली. त्याबरोबर मुलीकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्याचं असं झालं होतं की प्रवीणने खुर्च्या शेजारच्या गावातून आणल्या होत्या. त्या एका भल्या माणसाच्या मुलांनी गावाला भेट दिल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं होतं, ‘कै. धोंडूबाबा यांच्या स्मरणार्थ’. कव्हर घातलं की खुर्चीचा भूतकाळ दिसत नाही, या भरवशावर प्रवीण होता.

आता मुलाकडचे कव्हरावर बसेनात आणि मुलीकडचे धोंडूबाबांवर बसेनात. चारशे माणसं उभी, वर ऊन, आणि बाराला दहा कमी.

भरतशेठ प्रवीणजवळ आले. मुलीचा बाप म्हणून त्यांनी सकाळपासून सगळ्यांशी गोडच बोलायचं ठरवलं होतं, म्हणून हेही गोड आवाजातच म्हणाले, “प्रवीणभाऊ, मुहूर्त टळला ना, तर तुला याच गालिच्यात गुंडाळून नदीत सोडीन.”

“नाही टळणार, शेठ.”

“बरं. मग ते सहदेवराव काय घेऊन येतायत, ते बघ जरा.”

सहदेव जेवणाच्या टेबलाकडून येत होते. त्यांनी दोन बोटांत एक कागदी रुमाल धरला होता.

“ताटावर देवक, तेच्यावर आमटी,” ते ठकूबाईंना म्हणाले. “आणि हे, आक्का... हे तोंड पुसायला.”

मागून कुणीतरी “बस फिरवा रे” असं म्हणालं. स्टेजमागच्या खोलीच्या दारात अक्षदा मुंडावळ्या बांधून उभी होती. तिचा चेहरा रडवेला झालेला प्रवीणने बघितला. तेव्हा मात्र त्याच्या डोक्यातला डिझायनर पार गळून पडला आणि लाजेने लालेलाल झालेला साधा प्रवीण खाली उरला.

तो ठकूबाईंसमोर जाऊन उभा राहिला. “आत्याबाई, माझं चुकलं. तुम्ही मान म्हणालात. मी वहीत लिहिलं, खाली रेघासुद्धा ओढल्या, पण मान म्हणजे काय ते विचारलं नाही. बायकोने विचारायला सांगितलं होतं, तिचंही ऐकलं नाही. मी याच मातीतला, मला कळायला हवं होतं. मला काय वाटेल ते बोला, पण त्या पोरीचा मुहूर्त चुकवू नका.”

ठकूबाईंनी रेश्माला विचारलं, “काय गो, तू खरंच सांगितलं होतंस?”

“दोनदा,” रेश्मा म्हणाली. खरं तर एकदाच, पण ही वेळ अशी होती की एकावर भागलं नसतं.

“आता आयका सगळी,” ठकूबाईंनी आवाज चढवला. “देवक एकदा बसवलं का असंच गुंडाळून फेकता येत नाय, मानानं उठवावं लागतंय. ह्या येड्यानं न कळता का होईना, पण माळभर देवक बसवलंय. आता ह्या जोडप्यानंच ते उठवायचं, डोक्यावर घेऊन. हळदकुंकू आणा, नारळ आणा. आणि वाजव रे तुझं!”

खालूबाजा सुरू झाला. रेश्माने गालिच्याला हळदकुंकू वाहिलं, प्रवीणने नारळ फोडला. साठ फुटी गालिचा गुंडाळला, तर त्याचा ओंडका झाला. तो दोघांनी डोक्यावर घेतला. पुढे प्रवीण, मागे रेश्मा, आणि मधला भाग लवतोय म्हणून खाली दोन व्याही, भरतशेठ आणि सहदेव. त्यांच्यामागे अख्खं वऱ्हाड, प्रत्येकाच्या डोक्यावर घडी घातलेलं एकेक खुर्चीचं कव्हर. सगळ्यांत मागे रोवळीत कागदी प्लेटा आणि रुमाल घेऊन ठकूबाई स्वतः. मिरवणूक मांडवाला एक फेरी घालून भरतशेठांच्या टेम्पोपर्यंत गेली. वाटेत म्हातारी माणसं नाचायला लागली, त्यांना बघून तरणी लागली, आणि पाक लागलेल्या शेरवानीतला नवरदेवही दोन पावलं नाचून गेला.

तोवर मुलीकडच्यांनी देवळातल्या भजनाच्या सतरंज्या आणून अंथरल्या आणि परसातली केळीची पानं कापली. बारा वाजून सतरा मिनिटांनी अक्षता पडल्या. चारशे माणसं सतरंजीवर मांडी घालून केळीच्या पानावर जेवली आणि हात पाण्याने धुतले. प्रवीणने सुरुवातीला ज्याला ज्याला ‘आउटडेटेड’ म्हटलं होतं, ते सगळं तिथे होतं, आणि त्याने डिझाइन केलेलं म्हणाल तर फक्त ती कमान उरली होती.

परतताना टेम्पोत तो रेश्माला म्हणाला, “एक धड लग्न म्हणाली होतीस ना तू?”

“लग्न धड झालं,” रेश्मा म्हणाली. “तुम्ही केलं असं कुणी म्हणणार नाही, एवढंच.”

महिनाअखेरीला प्रवीणने पलंगाखालून सेफ्टी शूज काढले आणि ओल्या फडक्याने पुसले. पिवळं हेल्मेट डोक्यावर घालून बघितलं. आठ महिन्यांत डोकं काही मोठं झालं नव्हतं, अगदी बरोबर बसलं. ते तसंच डोक्यावर ठेवून सर्टिफिकेटची फ्रेम उतरवायला तो स्टुलावर चढला, तेवढ्यात दार वाजलं.

दारात साठीचे एक गृहस्थ उभे होते, पांढरी टोपी, हातात मोबाइल. “मी येसाजी. पोलादपूरकडनं आलोय. ते देवक उठवणारे तुम्हीच ना?”

प्रवीणला वाटलं, आता इथवर शिव्या द्यायला लोक यायला लागले. “चुकून झालं हो ते,” तो स्टुलावरूनच म्हणाला.

“चुकून कसं?” येसाजींनी मोबाइल पुढे केला. त्यात गालिच्याची मिरवणूक होती. “आमच्या आख्ख्या भावकीनं बघितलंय हे. पंचवीस लग्नं बघितली, पण देवकाला असा मान कुणी दिला नाय. पुढल्या महिन्यात माझ्या पोराचं लगीन हाय. आमच्यात बी असंच पायजे.”

प्रवीण स्टुलावरून उतरला. त्याने वही उघडली. माणूस आता शहाणा झाला होता. “आधी एक सांगा. देवकावर चालायचं?”

“छ्या छ्या!”

“बसायचं?”

“डोकं फिरलंय काय?”

“त्याने तोंड पुसायचं?”

येसाजींनी त्याच्याकडे संशयाने बघितलं. “आवो, डोक्यावर घ्यायचं. जोडप्यानं. सगळ्या भावकीनं, एकेक. वाजतगाजत.”

“डोक्यावर,” प्रवीणने लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग आठवण झाल्यासारखं विचारलं, “बरं, देवक कुठलं तुमचं?”

“तलवारीची धार,” येसाजी अभिमानाने म्हणाले.

प्रवीणचं पेन कागदावर थांबलं. रेश्मा आतून चहा घेऊन आली. तिने कप येसाजींच्या हातात दिला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, ते हेल्मेट काढू नका. लागेल.”