टाकी घासली त्याची गोष्ट

साल १९७९. तेव्हा संगणक अख्खी खोली अडवून बसायचा आणि सूनबाईंनी घातलेलं गणित दुसऱ्या दिवशी सोडवून द्यायचा. गणित बुडबुड्यांचं होतं. घुसळत्या पाण्यात ते फुटतात किती, एकमेकांत मिसळतात किती. त्यावर सूनबाईंना डॉक्टरेट मिळायची होती, आणि ती मिळाली तरच कॉलेजातली नोकरी टिकणार होती.

परीक्षकांपुढे प्रयोगाचा दिवस उजाडला. सूनबाईंनी काचेच्या टाकीत खालून हवा सोडली, पाणी घुसळणारा पंखा फिरवला. बुडबुडे गणिताबरहुकूम फुटले. मिसळायला मात्र एकही तयार होईना. पाणी दुधासारखं पांढरं झालं, फेस काठावरून उतरून परीक्षकांच्या बुटांकडे निघाला.

“तुमच्या गणितात हे एकत्र येतात ना?” परीक्षकांनी पाय वर घेत विचारलं.

“येतात, सर.”

“मग आज काय भाऊबंदकी झालीय?”

सूनबाईंनी घाबरून पंखा वाढवला. फेस परीक्षकांच्या चष्म्यावर उडाला.

दाराशी कौतुकानं उभ्या असलेल्या सासूबाईंना राहवेना. “टाकी कशी लख्ख दिसतेय, नाही? काल डबा द्यायला आले तेव्हा मीच घासली. चार मोठी माणसं यायची, आणि टाकी ही अशी कळकट!”

“कशानं घासलीत, आई?” सूनबाईंनी पंखा बंद केला.

“साबणानं. हात नाही हो आखडला!”

परीक्षकांनी चष्मा पुसला. “साबण राहिला की बुडबुडे जवळ येतात, पण एक होत नाहीत. तुमच्या गणितात साबण कुठाय?”

“धरलेला नाही, सर.”

“आणि सासूबाई?”

“त्याही नाहीत.”

“दोन्ही धरा. वर्षभरानं या.”

घरी आल्यावर सासूबाईच म्हणाल्या, “अगं, रागाव तरी माझ्यावर.”

“रागावून काय करू? उद्यापासून माझ्याबरोबर चला. दर वेळी वेगळ्यानं टाकी घासली तर साबण कमीजास्त उरतो. मला रोज तोच हात हवाय.”

सासूबाई वर्षभर प्रयोगशाळेत गेल्या. “आज थोडा साबण राहू द्या,” म्हटलं की त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

परीक्षक पुढे प्रत्येक उमेदवाराला आधी ‘भांडं कोणी घासलं?’ एवढंच विचारत. आता ते नाहीत. सूनबाई विभागप्रमुख होऊन निवृत्त झाल्या. सासूबाई शेवटपर्यंत “आमची डॉक्टरेट” म्हणत राहिल्या. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार आहेत ते नवऱ्याचे, ज्यानं काहीच केलं नव्हतं. सासूबाईंचा उल्लेख ‘उपकरणे’ या प्रकरणात आहे.