ठोकून बघणारे गुंडूअण्णा

गेल्या रविवारी सकाळी, चहाची किटली फिरायच्या आत, बंगळुरात, येलहंक्यातल्या आमच्या सोसायटीने गुंडूअण्णांवर अन्याय केला. ठराव असा: यापुढे अण्णांनी आवारात काहीही ठोकू नये. एकमताने मंजूर. माझा हात खाली होता, तो कुणी मोजला नाही.

अण्णा मूळचे निपाणीचे. कारखान्यातले बॉयलर, पाइप न कापता, न फोडता आतली चीर शोधण्यात त्यांची सारी नोकरी सरली. अण्णा निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. शहाळं ठोकतात, जिन्याचा कठडा ठोकतात, माझी पाठ थोपटतानाही मान तिरकी करून ऐकतात. "आवाज आत सोडायचा, परत कसा येतो बघायचं. फोडून कोण पण सांगंल." कलिंगडात मात्र हमखास चुकतात. लोखंडाचं असतं तर सांगितलं असतं, म्हणतात.

ठरावाला निमित्त झाला बागेतला झोपाळा. त्याच्या जोडाला चीर असावी, असा अण्णांना संशय. त्यांनी तिथे लाल रंग फासला. हा रंग चिरेत मुरतो. मग पुसून पांढरी पूड मारली की चिरेच्या जागी लाल रेघ उमटते. अण्णा पूड आणायला वर गेले आणि पांढऱ्या पँटीतले सेक्रेटरी झोपाळ्यावर बसले.

"स्वल्प थांबा," अण्णा जिन्यातून म्हणाले, "हलू नका, रंग मुरू दे."

चीर निघालीच नाही. मीटिंगला पँट पुरावा म्हणून हजर होती. अण्णा रोज सकाळी लोकांची दारं ठोकतात, हाही गुन्हा त्यात जोडला. अण्णा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि खाली बसले.

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. पत्रक काढू म्हटलं. त्यांना पत्रक नको होतं, फक्त दारांची परवानगी हवी होती. जिथे एकटी माणसं राहतात तेवढीच दारं. अण्णांनी टकटक केलं की वरच्या अक्का आतून काठी आपटतात, कोपऱ्यातले मास्तर खोकतात. आवाज परत आला की अण्णा पुढे. कुणी दार उघडायचं नाही, चहाला थांबवायचं नाही.

"आणि तुमचं दार कोण ठोकतं?"

"ही गेल्यापासून मीच ठोकतोय, आतून." अण्णा हसले. "लाकूड चांगलं हाय."

वाचकहो, ठराव मी मागे घ्यायला लावीन, ते माझ्यावर सोडा. तुम्ही उद्या सकाळी आमच्या सोसायटीत या. दुसरा मजला, जिन्याजवळचं अण्णांचं हिरवं दार. टकटक करा. आतून आवाज येईपर्यंत हलू नका.