‘प.’ लिहिलेला पेन ड्राइव्ह

घरातल्या कॉम्प्युटरवर चार महिन्यांपासून रोज एकच सूचना उगवत होती: या प्रणालीला आता सुधारणा मिळणार नाहीत. आणि चार महिन्यांपासून मोजणीदार ती सूचना बाजूला सारून आपला तक्ता वाढवत होते.

तीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात कॉम्प्युटरवर कोणती मुक्त, फुकट मिळणारी प्रणाली टाकायची हा प्रश्न हाती लागला आणि त्यांनी तो जेवणाच्या टेबलाएवढ्या कागदावर मांडला. उभे रकाने दोन, आडव्या ओळी एक्केचाळीस. एका रकान्याचे वकील जावई, त्यांचं म्हणणं लिनक्स, त्यातही डेबियन. दुसऱ्याचे वकील मेहुणे, त्यांचं फ्रीबीएसडी. दोघांचे फोन सकाळच्या चहाला यायचे, एकाचा ठेवला की दुसऱ्याचा.

“बाबा, डोळे मिटून डेबियन टाका. अडलं तर हजार माणसं मदतीला आहेत.”

“भाऊजी, हजार माणसं लागतात म्हणजे काय ते ओळखा! बीएसडीत सगळं जिथल्या तिथं.”

मोजणीदार दोघांनाही अर्धा-अर्धा गुण वाढवून द्यायचे. शेवटी बेरीज झाली ती दोन्हीकडे साडेसत्त्याऐंशी.

कॉम्प्युटर खरा वापरायची ती त्यांची बायको. ती मोठ्या वॉर्डाची हेड नर्स होती, त्यामुळे घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत, नवरासुद्धा. आजारी माणसाला घरी कसं सांभाळावं यावर ती दोन वर्षं पुस्तक लिहीत होती. आज पाचच्या आत अकराही प्रकरणं छापखान्याला ईमेलनं जायची होती. नाही गेली तर छपाईची पाळी दुसऱ्या पुस्तकाला मिळणार होती.

“माझं सगळं मी पेन ड्राइव्हवर घेतलंय,” सकाळी चपला घालता घालता सिस्टर म्हणाली. “आता काय पुसायचं ते पुसा. मी शेवटचं प्रकरण डॉक्टरांना दाखवून येते. चार वाजता मला चालू कॉम्प्युटर हवा.”

आता गुण मोजत बसायला वेळ नव्हता. मोजणीदारांनी दोन्ही प्रणाली एकदम उतरवायला लावल्या. डेबियन आधी उतरली, म्हणून डेबियन ठरली. एक्केचाळीस ओळींत हा निकष नव्हता.

ती बसवायला एक मोकळा पेन ड्राइव्ह लागणार होता. टेबलावरच्या मगमध्ये दोन सापडले. दोन्हींवर जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी, एकीवर ‘क.’, दुसरीवर ‘प.’ मोजणीदारांच्या नकाशांत तीस वर्षं ‘क.’ म्हणजे कसदार आणि ‘प.’ म्हणजे पडीक. कसदार जमिनीला त्यांनी हात लावला नाही. पडीक घेतली, तिच्यावर डेबियन चढवली आणि तिच्यावरून जुना कॉम्प्युटर पार धुऊन काढला. सगळं इतकं सुरळीत झालं की त्यांनी स्वतःसाठी चहा टाकला.

“छान!” जावई फोनवर म्हणाले. “आता आईंची फाइल उघडते का बघा.”

मोजणीदारांनी ‘क.’ लावला. आत चारच प्रकरणं, दीड वर्षापूर्वीची, खाडाखोडीची. म्हणजे हा कच्चा खर्डा. कच्चा... क. मग प.?

पक्की प्रत!

“बाबा? आहात ना?”

“पुसलेल्या पेन ड्राइव्हवरचं परत मिळतं का हो?”

“वर नवं चढवलं असेल तर धरून चाला की गेलं.”

त्यांनी मेहुण्यांना लावला. मेहुणे म्हणाले, “गेलं.” चार महिन्यांत दोन वकिलांचं पहिल्यांदाच एकमत झालं. “ताईला सांगितलंत?”

“अजून नाही.”

“मग मी आज तुमच्याकडे येणार होतो, तो येत नाही.”

दीड वाजला होता. सगळं आपणच पुन्हा टाइप करावं म्हणून मोजणीदार बसले. पक्की प्रत करताना गेल्या दोन-तीन महिन्यांत सिस्टरनं प्रत्येक पान त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी लिहिलं, ‘प्रकरण पहिलं: रुग्णाला न उठवता चादर बदलणे. प्रथम रुग्णाला एका कुशीवर वळवावे.’ आणि मग? मग काय होतं? ती वाचत होती तेव्हा आपण तक्त्यात गुण वाढवत होतो, हे त्यांना आठवलं आणि स्वतःची विलक्षण लाज वाटली. दोन तास तो रुग्ण एका कुशीवरच पडून राहिला.

पावणेचारला दार वाजलं.

“झालं?” सिस्टरनं विचारलं.

“कॉम्प्युटर झाला,” मोजणीदार उभे राहून म्हणाले. “पण तुझं पुस्तक गेलं. प. लिहिलेला मी पडीक समजलो. मी गाढव आहे. पक्की प्रत होती गं ती.”

सिस्टर खुर्चीत बसली. मग तिनं पर्सचा आतला कप्पा उघडून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यावर तीच पांढरी पट्टी आणि ठळक, गोल अक्षरांत अख्खा शब्द: पक्की.

“औषधाच्या बाटलीवर अर्धा शब्द लिहिला तर माणूस दगावतो,” ती म्हणाली. “मी कधी लिहिलंय अर्धं? घरात सगळं तुम्हीच उचकता, म्हणून मगमधल्या दोन्हींवर तुमच्या खुणा केल्या. प. पडीकच होता. जन्मात पहिल्यांदा बरोबर वाचलंत आणि रडताय काय!”

मोजणीदारांचा जीव भांड्यात पडला. ते मटकन खाली बसले, हसले, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. चार वीसला अकरा प्रकरणं छापखान्याला पोचली.

सिस्टरचा हात नव्या पडद्यावर सराईतपणे फिरत होता. “डेबियन ना हे?”

“तुला काय ठाऊक?”

“वॉर्डात आठ वर्षं हेच होतं की.”

“मग चार महिने बोलली का नाहीस?”

“म्हटलं, तुम्हाला मोजायला काहीतरी हवंय.”

मोजणीदारांनी तक्त्याची गुंडाळी केली, सिस्टरच्या पर्समधून पट्टी घेतली, तिच्यावर ‘प.’ लिहिलं आणि गुंडाळीवर चिकटवली.

“पक्का?” सिस्टरनं विचारलं.

“पडीक,” मोजणीदार म्हणाले. “आता ती चादर पुढे कशी बदलायची, तेवढं पुन्हा एकदा वाचून दाखव.”