पाठमोरी उल्का

पेपरात जाहिरात आली, ‘सिनेमासाठी उल्का पाहिजे’, आणि पाहिजे म्हटल्यावर उल्का आपल्या चित्रकथेच्या पानातून उतरून कोल्हापूरच्या स्टुडिओत रांगेला जाऊन उभी राहिली. सोबत मार्तंडअप्पा लोहार होते. उल्का त्यांनीच काढलेली. तरण्या पोरीला सिनेमावाल्यांत एकटी कशी सोडायची, म्हणून अप्पा छत्री घेऊन बरोबर आले होते. वाटेत त्यांनी तिला भडंग घेऊन दिलं. इतकी वर्षं ती लोकांना वाचवत फिरली, पण चित्रात तिला कुणी कधी खायला दिलं नव्हतं. तिने ते मिरचीसकट संपवलं.

उल्का काळी होती. सावळी नव्हे, निमगोरी नव्हे, चांगली काळी. अप्पांची शकू होती तशी.

शकू म्हणजे अप्पांची एकुलती एक लेक. तेव्हा जत्रेत फोटो काढायला गेलं की फोटोवाले काळ्या मुलींच्या तोंडावर आधी पावडर थापायचे. फोटो उजळ यायला नको का! शकूला पावडर लावली, तशी ती उठली आणि मागच्या नळावर जाऊन खसाखसा तोंड धुऊन आली. “पावडर लावून काढला तर तो माझा फोटो कसा हो?” असं म्हणून ती तरातरा घरी निघून गेली. अप्पांना हसू आलं. पुढच्या जत्रेला काढू, म्हणाले. पुढची जत्रा शकूने बघितलीच नाही. कावीळ झाली आणि पोर गेली.

घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून अप्पांनी ब्रश घेतला आणि आठवेल तशी तिला कागदावर काढली. हनुवटीवरचा व्रण काढला, लांब वेणी काढली. पायात वाऱ्याचं बळ दिलं आणि नाव बदलून उल्का ठेवलं. संकटात हाक मारली की उल्का येणार, मदत मागणाऱ्याला ती कधी नाही म्हणणार नाही. पोरं खुळी झाली तिच्यापायी. अप्पांना मात्र आता एकच हवं होतं. शकूचा जो फोटो तेव्हा निघाला नाही, तो आता घराएवढा मोठा निघावा, पावडरीशिवाय, आणि अख्ख्या गावाने तो बघावा.

निवड समितीत तिघे होते. दिग्दर्शक टिपणीससाहेब मधल्या खुर्चीत. “मूळ चित्राशी इमान,” ते सगळ्यांना सांगत होते, “त्यात तडजोड नाही.” त्यांनी पुस्तक उघडून शेजारी ठेवलं आणि उल्काची वेणी मोजली. व्रण भिंगातून बघितला. उडी मारायला लावली तर ती छताला हात लावून आली. सगळं जुळलं. जुळणारच. मग तिला कॅमेऱ्यापुढे उभी केली, आणि तिघे डोकी एकत्र करून बराच वेळ कुजबुजत बसले.

“अप्पा,” साहेब म्हणाले, “रंग तेवढा अडतोय.”

“रंग तिचाच आहे की हो.”

“तो शाईचा. शाई काळी म्हणून ती काळी.”

“मग त्याच पानावरचा सावकार गोरा कसा? त्याला काय दुधानं काढलाय मी?”

समितीने पान निरखून बघितलं. मुद्दा योग्य आहे, असं तिघांचं मत पडलं, आणि चहा आला.

“गैरसमज नको,” बशीत चहा ओतत साहेब म्हणाले. “आम्ही उल्का काळीच दाखवणार. इमान म्हणजे इमान. पण खरा काळा रंग पडद्यावर खरा वाटत नाही. गोऱ्या मुलीला काळं केलं की कसा खरा वाटतो. आमचा अनुभव आहे तसा.”

एक गोरी मुलगी निवडली गेली. बिचारी स्वभावाने चांगली होती, उल्काच्या पाया पडली. पण रंग नेमका कसा जुळवायचा? साहेबांनी उल्कापुढे हात जोडले. “नमुना म्हणून बसशील का, बाई? एवढ्या लोकांचं काम अडलंय. मदत कर.”

मदत म्हटल्यावर उल्का स्टुलावर बसली. रंगभूषेवाला डबी तिच्या गालाशी धरायचा, मान हलवायचा, मग नटीच्या गालाला बोट लावायचा. “माफ कर हं ताई,” असं तो दर वेळी नटीला म्हणायचा. उल्का पापणी न हलवता बसून राहिली.

अप्पांचा जीव तीळ तीळ तुटला. शकू असती तर डब्या उधळून केव्हाच घरी गेली असती. हिला आपण शकूचं नाक दिलं, पण त्या नाकाच्या शेंड्यावरचा राग द्यायचा राहून गेला. वर नाही म्हणणंही काढून घेतलं, का तर पोरांना आवडेल! “घरी चल गं,” ते म्हणाले.

“त्यांचं काम अडलंय, अप्पा,” उल्का म्हणाली.

पुढे नटीला उड्या जमेनात. त्याही उल्कानेच मारल्या, पाठमोऱ्या. “तोंड इकडे करायचं नाही हं, बाळ!” साहेब कर्ण्यातून ओरडायचे. तिने एकदाही केलं नाही.

सिनेमा चालला. मूळ चित्राशी इतकं इमान कुणी राखलं नव्हतं, असं पेपरांनी लिहिलं. अप्पा पहिल्याच खेळाला गेले. पडद्यावर घराएवढं तोंड आलं. ते दुसऱ्याच कुणाचं होतं, रंग तेवढा शकूचा. मग उडी आली, पाठ आली, झुलणारी वेणी आली, आणि अप्पा हुंदके देऊ लागले. “सिनेमा आहे हो, आजोबा,” शेजारचा माणूस समजुतीने म्हणाला.

उल्का पानांत परत गेली. पण तिला तीच सवय लागली. नव्या पुस्तकांत, जुन्या पुस्तकांत, घराघरातल्या फाटक्या प्रतींतसुद्धा ती प्रत्येक चौकटीत पाठ करून उभी होती. वाचकांची तक्रार आली नाही. प्रकाशकाने मुखपृष्ठावर नटीचा फोटो छापला, त्यामुळे तोंडाची सोय झाली.

एका दुपारी अप्पांनी पहिलं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर शकू हसत असायची. तिथेही आता वेणीच होती. त्यांनी डोळे मिटले आणि हाक मारली, “उल्का, वाचव!”

हाक आली म्हणजे यायलाच हवं. ती उतरली आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. “काय झालं, अप्पा?”

“एकदा तोंड दाखव गं पोरी. तुझा फोटो नाही माझ्याकडे. म्हाताऱ्याला एवढी मदत कर.”



“नाही,” ती म्हणाली.

हा शब्द अप्पांनी तिच्या तोंडी कधीच घातला नव्हता. आवाज मात्र त्यांच्या ओळखीचा होता. नळावर तोंड धुऊन तरातरा निघालेल्या पोरीचा होता तो. अप्पा ढसाढसा रडले. मग धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले.

“बरं,” ते म्हणाले. “नको तर नको, शकू.”

त्यांनी भडंगाची पुडी पुढे केली. तिने मागे न बघता हात मागे करून ती घेतली आणि तशीच उभ्याउभ्या, मिरचीसकट खाऊ लागली.