डॉक्टरांचा घसा

गाण्याच्या बाई जिना चढून वर आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. खाली त्यांच्या क्लासात एक मुलगी डोळे मिटून रंगात आली होती आणि तेवढ्यात स्पीकरमधून फाटक्या आवाजात कोणीतरी खेकसलं, "ऐकू येतंय का? ओव्हर!" मुलीची बोबडीच वळली.

"कुठायत डॉक्टर?"

डॉक्टरांच्या बायकोने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. आठवडाभर लोकांना "आ करा" म्हणणारे हे दातांचे डॉक्टर रविवारी हौशी रेडिओवर बसत आणि दूरदूरच्या तसल्याच हौशी मंडळींशी गप्पा मारत. आवाज लांब पोचावा म्हणून अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. आवाज पोचायचा खरा, पण नको तिथेही पोचायचा.

"दोष माझाच आहे, बाई," डॉक्टर आधीच शरण आले. "अ‍ॅम्प्लिफायरने काय करायचं, आत जाईल तेच मोठं करून बाहेर सोडायचं. जसंच्या तसं. हा शहाणा पदरचं तिखटमीठ लावतो."

"का पण?"

"हळू बोललं की आतले ट्रान्झिस्टर पेंगतात. मग जोरात हाक मारली की दचकून काहीतरी बरळतात. त्यांना सतत थोडा करंट देऊन जागं ठेवायला हवं. एक स्क्रू फिरवायचा, झालं!"

"एक स्क्रू, झालं" हे शब्द बायकोने पूर्वीही ऐकले होते. त्या वेळी वॉशिंग मशीन पुन्हा जोडायला बाहेरून माणूस बोलवावा लागला होता.

डॉक्टरांनी स्क्रू फिरवला. ट्रान्झिस्टर जागे झाले आणि जागरणाने तापले. त्यांना गार ठेवायला बैठकीतला पंखा आला. पंखा पुरेना, तेव्हा उष्णता शोषायला बायकोचा केकचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आला. त्याला भोकं पाडायला दवाखान्यातलं ड्रिल आलं. ड्रिल टेकवताना डॉक्टर सवयीने ट्रेला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

बाईंना हसू आवरेना. भांडण तिथेच निम्मं झालं.

"आता परीक्षा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी अँटेना काढून तिच्या जागी तेलाच्या डब्यात बुडवलेला रेझिस्टर जोडला, म्हणजे प्रयोग घरातल्या घरात राहील. "दोन वेगळे सूर एकदम आत सोडायचे. बाहेर दोनच आले तर यंत्र प्रामाणिक. बाई, एक सूर तुम्ही धरा. दुसरा..." त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मला नाही हं गाता येत!"

"गायचं नाहीये. नुसता आ करायचा."

"एवढा एकच पेशंट सुटला होता," ती म्हणाली आणि माइकसमोर उभी राहिली.

दोघींनी सूर लावले. पेटीतून बाहेर काय पडतंय ते ऐकायला बाईंच्या कानाला एका छोट्या रेडिओचे हेडफोन होते. क्षणभराने त्या थांबल्या. "हे तिसरं कोण गातंय? आणि ही चौथी तर नुसती कोंबडी आहे!"

"तेच! तेच काढायचंय!" डॉक्टर टाळी वाजवत ओरडले.

मग बाईंनी पदर खोचला. सूर धरायचा, ऐकायचं आणि श्वास घेता घेता हुकूम सोडायचा. "वहिनी, सूर सोडू नका. डॉक्टर, आणखी थोडं फिरवा. छे, जास्त झालं, मागे या. थांबा, कोंबडी गेली. ती तिसरी अजून आहे." स्क्रू केसभर पुढे, केसभर मागे. बायकोचा श्वास पुरेना, तरी तिने सूर हलू दिला नाही. तान्ह्या पोरावर वाकावं तशी ही दोन मोठी माणसं एका पत्र्याच्या पेटीवर वाकली होती. तिला वाटलं, एवढी चिकाटी असेल तर ट्रे गेला तरी चालेल.

"गेली!" बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "दोनच राहिल्या. किती स्वच्छ हो!"

अँटेना परत जोडून डॉक्टर माइकवर बोलत राहिले. बाई खाली जाऊन स्पीकरला कान लावून बसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "चिडीचूप!"

डॉक्टरांनी ऐटीत कप्तानांना हाक दिली. कप्तान म्हणजे समुद्रापलीकडचे एक निवृत्त जहाजी. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण दर रविवारी बोलणं व्हायचंच.

"कोण बोलतंय?" कप्तानांचा आवाज कडक होता. "डॉक्टरांच्या नावाने का बोलताय?"

"अहो, मीच डॉक्टर!"

"शक्य नाही. त्यांचा घसा मला ठाऊक आहे."

शेवटी बायकोने माइक घेतला. "भावजी, हेच आहेत ते. पेटी नीट केली आज."

कप्तानांचा कडक आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे... घशाचं दुखणं नव्हतं?"

"छे हो! घसा ठणठणीत आहे."

"वहिनी, मला वाटलं काहीतरी मोठं आहे. विचारायचं तरी कसं? म्हणून एक रविवार चुकवला नाही. हे बोलतील त्याला मान डोलवत गेलो."

डॉक्टर पुढे झाले. "म्हणजे माझी मतं तुम्हाला..."

"एकही पटलेलं नाही, डॉक्टर. पण आजारी माणसाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?"

बायकोला त्या न पाहिलेल्या माणसाला हात जोडावेसे वाटले. इतके रविवार ह्यांचं सगळं ऐकून घ्यायचं, तेही वाद न घालता! तिला एका जेवणापुरतंही ते कधी जमलं नव्हतं.

डॉक्टर लाल झाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बाह्या सरसावल्या. "बोला तर मग. सुरुवात कुठून?"

"अँटेनाच्या उंचीपासून. तिथपासूनच तुमचं सगळं चुकलंय," पलीकडून अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, काय सांगता!" डॉक्टर गरजले. इतके खुशीत बायकोने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.